‘डिप्रेस्ड’ : दाबणारा कोण?

इंग्रजी अमदानीत आपल्या समाजाला ‘डिप्रेस्ड क्लासेस’ असे सरकारी नाव मिळाले. या शब्दाचा इतिहास आपणच तपासला पाहिजे, असे मला वाटते.

‘डिप्रेस्ड’ म्हणजे खाली दाबलेला. दाबले कोणाला ते हा शब्द सांगतो. दाबले कोणी, यावर तो मूग गिळून बसतो. त्याचाच दुसरा अर्थ खचलेला, उदास. म्हणजे अन्याय दुसऱ्याचा आणि दुखणे मात्र आमचे!

१९०६ साली विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ काढले. महर्षींच्या कार्याविषयी मला आदर आहे. पण संस्थेच्या मराठी नावात शब्द आला तो ‘निराश्रित’. निराश्रिताला आश्रय देऊन भागते. दाबलेल्याच्या मानेवरचा पाय मात्र काढावा लागतो.

बाबासाहेबांनी १९२४ साली सभा स्थापली ती ‘बहिष्कृत हितकारिणी’; १९२७ साली पाक्षिक काढले ते ‘बहिष्कृत भारत’. बहिष्कार ही नुसती अवस्था नव्हे, ती कोणीतरी केलेली कृती आहे. हा शब्द उच्चारताच बहिष्कार घालणारा समोर उभा राहतो. सरकारदरबारी मात्र रूढ इंग्रजी शब्द वापरणे भाग होते. तरीही १९३१ साली गोलमेज परिषदेपुढील पुरवणी निवेदनात बाबासाहेब व रावबहादूर श्रीनिवासन यांनी हे नाव हीनतादर्शक ठरवून ते बदलण्याची मागणी केली. ‘प्रोटेस्टंट हिंदू’, ‘नॉन-कन्फॉर्मिस्ट हिंदू’ अशी नावेही सुचवली. त्यांत दैन्य नव्हते, नकार होता.

सरकारने ती स्वीकारली नाहीत. १९३५ च्या कायद्यात ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ आले, १९३६ च्या आदेशाने यादी आली. हक्कांना कायद्याचा आधार मिळाला, हे मोलाचेच. पण यादीत जातींची नावे उरली. दाबणाऱ्याचा मागमूस राहिला नाही.

‘दलित’ म्हणजे भरडलेला. व्याकरणाने तोही ‘डिप्रेस्ड’चाच भाऊबंद. फरक बोलणाऱ्याच्या तोंडात आहे. १९७२ साली ‘दलित पँथर’च्या तरुणांनी हा शब्द उच्चारला तो कीव मागण्यासाठी नव्हे, जाब विचारण्यासाठी. म्हणूनच तो बोचतो. २०१८ साली केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने खासगी दूरचित्रवाहिन्यांना ‘दलित’ टाळून ‘अनुसूचित जाती’ वापरण्याची सूचना केली.

दाखल्यावर ‘अनुसूचित जाती’ जरूर असावे. तो आमचा हक्क आहे. पण आम्ही स्वतःला काय म्हणावे, हे दुसऱ्याने का ठरवावे? आणि भरडलेल्यांचे नाव बदलताना जात्याच्या खुंट्यावर कोणाचा हात आहे, हे कोण सांगणार?