संध्याकाळच्या प्रार्थनेचं घर

नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांचा इतिहास सहसा मिशनपासून सुरू होतो. १८१३ साली अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी मुंबईत उतरले, १८३१ साली नगरला त्यांचं ठाणं झालं, १८४२ साली तिथून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागलं. मग शाळा, छापखाना, देवळं. या सगळ्याचं मोल मोठं आहे, पण त्यात मला माझी आजी सापडत नाही. ती वडाळ्याकडच्या एका खेड्यात बायबलबाई, म्हणजे बायकांना बायबल सांगत फिरणारी, होती. ओसरीवर रोज संध्याकाळी प्रार्थनेला बसताना तिच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसे, तो कुठून आला हे शोधायचं तर आधी मोडलेल्या घरांकडे जावं लागतं.

बाप्तिस्मा घेतला की माणसाचं घर सुटे. ब्राह्मण घरातला तरुण ख्रिस्ती झाला तर घरचे त्याच्या नावानं अंघोळ करून मोकळे होत. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाऊ नये यासाठी १८५० साली सरकारला कायदा करावा लागला. ख्रिस्ती झालेल्याला नवऱ्यानं किंवा बायकोनं टाकलं, तर लग्न मोडून घेण्याची सोय १८६६च्या कायद्यानं झाली. या दोन कायद्यांवरून त्या काळच्या घराघरांत काय चाललं असेल ते कळतं. महार-मांग वस्त्यांमधून मात्र अनेकदा आख्खं कुटुंब एकदम येई. तिथे नवरा-बायको एकत्र राहत. ताटातूट होई ती गावाशी. आमचे पणजोबा त्यांतले. मेलेली जनावरं ओढायची नाहीत असं त्यांनी ठरवलं आणि सुगीला गावकीचा वाटा यायचा थांबला. त्या वर्षी घरात जे होतं ते सगळ्यांनी मिळून खाल्लं, एवढंच आजी सांगे. सांगताना तिच्या आवाजात तक्रार कधीच नसे.

ज्या घरानं आमच्याकडच्या प्रार्थनेला गळा दिला ते टिळकांचं. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा मुलगा दत्तू माहेरच्या माणसांत होते. बातमी ऐकून बाईंवर आभाळ कोसळलं. पुढची काही वर्षं ताटातुटीची गेली. कायद्यानं दुसरी वाट मोकळी होती, टिळकांनी ती धरली नाही. ते पत्रं लिहीत राहिले, कविता पाठवत राहिले. शेवटी बाई नगरला आल्या त्या आपली चूल आणि आपलं सोवळं घेऊन. टिळकांनी त्यावर हट्ट धरला नाही. सोवळं सुटलं ते बाईंनी स्वतः विचार करून, जात माणसानं केलेली आहे हे त्यांना स्वतःला पटल्यावर. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. एका छपराखाली दोन चुली पेटत होत्या आणि तरी नातं तुटू दिलं नाही, हे मला त्या संसारातलं सगळ्यात ख्रिस्ती वाटतं. प्रवचनांपेक्षाही.

त्यानंतरचं त्यांचं घर म्हणजे भरलेलं घर. पैसा टिळकांच्या हाती टिकत नसे, मागणारा आला की तो त्याचा होई. अनाथ मुलं येऊन राहत. बालकवी ठोमरे नगरला याच घरात राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखं सांभाळलं. या माणसांच्या राबत्यात बाईंचं रागावणं, हसणं, पुन्हा पदर खोचून उभं राहणं आपल्याला त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात वाचायला मिळतं. त्याचा पहिला भाग १९३४ साली आला. बाप्तिस्म्यानं ज्यांची सगळी नाती तुटली होती त्यांनी नवी नाती अशी रोज स्वयंपाक करून जोडली. मराठी ख्रिस्ती आनंद म्हणून जे काही आहे त्याचं मूळ मला इथे दिसतं.

गाण्याचंही तसंच. सुरुवातीची बरीचशी गीतं भाषांतरं होती, चाली विलायती. देवळात त्या शोभत, पण दळताना बाई ती गीतं कशी म्हणणार? नगरच्याच कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनं केली, आणि टिळकांनी अभंग-ओवीत ख्रिस्त आणला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. १९१२ पासून १९१९ साली देहावसान होईपर्यंत ते ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते. त्यांची भजनं उपासनेच्या गीतपुस्तकात गेली, तिथून खेड्यांत आली. आजीला अक्षरओळख उशिरा झाली, भजनं मात्र तिला आधीपासून पाठ होती. जात्यावर बसली की ती तीच म्हणे.

प्रार्थना दिवेलागणीनंतर, जेवणाच्या आधी. कंदील मधे ठेवायचा, सतरंजी अंथरायची. आधी भजन, मग शास्त्राचा उतारा, मग एकेकाची प्रार्थना. प्रार्थनेत सगळं येई: पाऊस, गाभण म्हैस, शेजारच्या पाटलांच्या नातवाचा ताप, मुंबईला गिरणीत गेलेला काका. पाटलीणबाई कधीकधी ओसरीच्या कडेला भजनापुरत्या येऊन बसत. आपल्या नातवाचं नाव प्रार्थनेत ऐकलं की पदरानं डोळे पुसत आणि उठून जात.

एक नियम आजीनं कधी मोडू दिला नाही. घरात कुणाचं कुणाशी बोलणं तुटलं असेल तर प्रार्थना सुरू होत नसे. वेदीवर दान ठेवण्याआधी भावाशी समेट कर, ही प्रभूची शिकवण तिनं अगदी जशीच्या तशी घेतली होती. एकदा माझ्या दोन्ही काकू रहाटाच्या दोरावरून भांडल्या. कंदील लागला, सतरंजी पडली, आजी पुस्तक मिटून बसून राहिली. आम्हा पोरांच्या पोटात कावळे ओरडत होते. भाकऱ्या निवल्या. आजोबा खाकरले, तरी आजी हलेना. शेवटी धाकटी काकू म्हणाली, “जाऊबाई, उद्या दोर मीच वळते, पण पोरांना उपाशी ठेवू नका.” मोठी हसली. मग जे भजन झालं ते शेजारच्या आळीपर्यंत गेलं असेल. आनंद असा मिळवावा लागतो हे त्या घरात कुणी समजावून सांगितलं नाही. पौलानं फिलिप्पैकरांना आनंदाचं पत्र तुरुंगातून लिहिलं, हे मला पुढे कळलं तेव्हा आश्चर्य वाटलं नाही.

दुसरी रीत सुनेची. नवी सून घरात आली की पहिल्या संध्याकाळी भजन तिनं निवडायचं. सासरे, दीर, आजी कुणीही मधे बोलायचं नाही. नव्या मुलीचा आवाज या घरात सर्वांत आधी देवाच्या नावानं आणि मोठ्यानं उमटावा, अशी आजीची इच्छा. रूथ परक्या देशातून सासूमागून आली, तिला घर मिळालं, ही गोष्ट आजी त्या दिवशी हमखास वाचे. माझी आई सोलापूरकडची. तिनं टिळकांचंच एक भजन सांगितलं, पण चाल लावली ती तिच्या माहेरच्या मंडळीत म्हणत ती. आजोबांना ती येईना. दोन कडव्यांपर्यंत ते मागे पडत राहिले, तिसऱ्याला त्यांनी टाळ उचलले. ते भजन आमच्या घरात आजही सोलापूरच्या चालीवर म्हणतात.