देवमाता की ख्रिस्तमाता?



बांद्र्याच्या मोतमाउलीची जत्रा तुमच्यापैकी अनेकींनी पाहिली असेल. कॅथलिक मंडळी मरियेला ‘देवाची माता’ म्हणतात. ऐकायला अगदी साधे वाटते. पण याच नावावरून सोळाशे वर्षांपूर्वी एवढा वाद पेटला, की एका आर्चबिशपची गादी गेली आणि चर्च दुभंगले. आज तीच हकीकत सांगते.

आधी एक फरक लक्षात घेऊ. आपले तीर्थंकर मनुष्य म्हणून जन्माला येतात आणि साधनेने केवलज्ञान मिळवतात. ख्रिस्ती श्रद्धा वेगळी आहे. जो आधीपासूनच देव होता, तो मनुष्य झाला, असे ते मानतात. मग येशू पूर्ण देव की थोडा कमी? एरियस नावाचा धर्मगुरू म्हणे, पुत्र हा देवानेच निर्माण केलेला, म्हणून देवाच्या बरोबरीचा नाही. इ.स. 325 मध्ये निकिया येथे (आजच्या तुर्कस्तानात) धर्मसभा भरली आणि तिने ठरवले, की पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे.

तो पूर्ण देव असेल तर मरियेने जन्म कोणाला दिला? हा प्रश्न आता आईपाशी येऊन थांबला. लोक तिला ग्रीक भाषेत ‘थिओटोकोस’, म्हणजे देवाला जन्म देणारी, म्हणत होते. इ.स. 428 मध्ये नेस्टोरियस कॉन्स्टँटिनोपलचा आर्चबिशप झाला. त्याला हे नाव खटकले. देवाला आरंभ नाही, मग त्याला आई कशी? त्याने ‘ख्रिस्तमाता’ असे नाव सुचवले. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला मी देव म्हणणार नाही, असे तो म्हणाल्याची नोंद त्या काळच्या इतिहासकाराने केली आहे.

अलेक्झांड्रियाचा सिरिल याला हे मान्य नव्हते. त्याचा एक मुद्दा आपल्याला चटकन पटण्यासारखा आहे. आई बाळाचा देह घडवते, आत्मा घडवत नाही. तरी आपण तिला ‘देहाची आई’ म्हणतो का? ती अख्ख्या बाळाचीच आई असते. तसेच मरियेच्या पोटी जो आला तो एकच आहे, देवही आणि मनुष्यही. त्याचे दोन तुकडे केले, तर क्रुसावर मेला तो नुसता माणूस ठरेल. मग त्याच्या मरणाने आपले तारण कसे होईल? ख्रिस्ती माणसासाठी सगळे काही या प्रश्नावर अवलंबून होते.

22 जून 431 रोजी इफिसस येथे सभा सुरू झाली. नेस्टोरियसच्या बाजूचे अंतिओखियाचे बिशप वाटेतच होते. सिरिल त्यांच्यासाठी थांबला नाही. नेस्टोरियस सभेला गेला नाही आणि एका दिवसात त्याला पदावरून काढण्याचा ठराव झाला. दिवसभर बाहेर ताटकळलेल्या लोकांनी संध्याकाळी मशाली पेटवून बिशपांना मुक्कामी पोहोचवले. पुढे बायका धूपपात्रे घेऊन चालत होत्या, असे सिरिलनेच पत्रात लिहिले आहे. ‘माता’ हे नाव राहिले, याचा त्या बायकांना किती आनंद झाला असेल!

पण गोष्ट एवढी सरळ नाही. उशिरा आलेल्या बिशपांनी वेगळी सभा भरवली आणि सिरिललाच पदच्युत केले. मग सिरिलच्या माणसांनी राजदरबारी सोने, गालिचे, हस्तिदंती आसने पाठवली. त्याची यादी आजही उपलब्ध आहे. मी कॉमर्सवाली, हिशेबाच्या कागदाकडे माझे लक्ष आधी जाते. देवाच्या स्वरूपाच्या चर्चेत भेटींची यादी निघावी, याचे वाईट वाटते.

इ.स. 433 मध्ये सिरिल आणि अंतिओखियाच्या गटात समेट झाला. नेस्टोरियसला मात्र इजिप्तच्या वाळवंटात हद्दपारी मिळाली. तिथे त्याने आपली बाजू लिहून ठेवली. त्या पुस्तकाची सिरियाक प्रत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्त्य अभ्यासकांच्या हाती आली. त्याच्यावर ठेवलेला आरोप, की तो दोन वेगळे ख्रिस्त मानतो, तितका खरा नव्हता, असे आता अनेक अभ्यासक म्हणतात. इ.स. 451 च्या खाल्सेदोन सभेने ‘एक व्यक्ती, दोन स्वभाव’ असे सूत्र ठरवले. तेही सगळ्यांनी मानले नाही.

पूर्वेकडच्या ज्या चर्चने नेस्टोरियसला दोषी मानले नाही, ते वेगळेच राहिले. त्याचे अनुयायी आपल्याकडे केरळात त्रिशूरलाही आहेत. 11 नोव्हेंबर 1994 रोजी पोप जॉन पॉल दुसरे आणि त्या चर्चचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी एका निवेदनावर सह्या केल्या. एक चर्च मरियेला ‘देवाची माता’ म्हणते, दुसरे ‘आमचा देव ख्रिस्त याची माता’ म्हणते, आणि दोन्ही नावे योग्य आहेत, असे त्यांनी मान्य केले.

431 ते 1994, म्हणजे 1563 वर्षे. समोरच्याला नेमके काय म्हणायचे आहे, हे आधी शांतपणे विचारले असते, तर एवढा काळ लागला नसता, असे मला वाटते. तुम्हाला काय वाटते, नक्की कळवा.