खामकाठची स्थलनामे आणि नगरविहार

औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) हे खाम नदीच्या काठी वसलेले शहर आहे, असे विधान आपण सहज करतो. भूगोलाच्या दृष्टीने ते निर्विवाद होय. परंतु येथील बागा, मैदाने व उत्सवस्थाने यांची नावे पाहू लागलो, म्हणजे काठी वसणे आणि काठावर वावरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ध्यानात येते. पैठणास नागघाट आहे. तेथील नाथषष्ठीचा सोहळा गोदावरीवाचून कल्पिताच येत नाही. पैठणापासून सुमारे पन्नास किलोमीटरवरील या शहरात मात्र खामलगतच्या प्रमुख नावांत ‘घाट’ हे पद आढळत नाही. आढळतात ती ‘दरवाजा’, ‘पूल’, ‘पुरा’, ‘बाग’ आणि ‘नहर’ ही पदे.

यांपैकी ‘नहर’ विशेष बोलका आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी येथे राजधानी वसविली आणि उत्तरेकडील टेकड्यांच्या पायथ्याचे पाणी भूमिगत मार्गाने गावात आणले, ती नहर-ए-अंबरी. मूळ अरबीत ‘नहर’ म्हणजे नदी. फारसी-उर्दूत तो शब्द कालव्याच्या अर्थी आधीच रूढ झाला होता, तेव्हा त्यात स्थानिक चमत्कार शोधण्याचे कारण नाही. तरीही वस्तुस्थिती अशी की, नदी शेजारून वाहत असता नगराचे पिण्याचे पाणी, हौद व कारंजी या दुसऱ्याच ‘नदी’वर पोसली गेली.

पाणचक्की ही या व्यवस्थेची सर्वांत परिचित खूण. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात तुर्कताज खान याने १७४४ च्या सुमारास ती उभारली. येथे येणाऱ्या यात्रेकरूंसाठी व फकिरांसाठी तीवर धान्य दळले जाई. आवार खामच्या अगदी काठावर आहे. पण जाते फिरते ते सुमारे सहा किलोमीटरवरून खापरी नळांनी आणलेल्या झऱ्याच्या पाण्याने. वापरून झालेले पाणी तेवढे खामला मिळते. नावाचे रूपही पाहण्याजोगे आहे. उर्दू ‘पनचक्की’तील ‘पन’ मराठी माणसाने ‘पाणबुडी’, ‘पाणकोंबडी’ यांच्या धर्तीवर ‘पाण’ केला; ‘चक्की’ मात्र तशीच ठेवली.

नदीचा खरा निर्देश होतो तो दरवाजांपाशी. औरंगजेबाने १६८२ मध्ये तट बांधविला, तेव्हा पश्चिम व वायव्य बाजूस खाम ही जणू खंदकच ठरली. मकाई, महमूद व बारापुल्ला हे दरवाजे पुलांशी जोडलेले आहेत. त्यांपैकी बारापुल्ल्याने तर पूल आपल्या नावातच धरला आहे. पुढे छावणीकडे जाण्यास लोखंडी पूल झाला. नगरवासीयांच्या बोलीत खाम ही प्रथम ओलांडावयाची वस्तू होती. (फारसी ‘खाम’, म्हणजे कच्चा, या शब्दाशी नदीच्या नावाचा संबंध जोडण्याचा मोह आवरलेला बरा. ध्वनिसाम्य हा पुरावा नव्हे.)

विहाराची नावे वेगळ्या दिशेने जातात. हिमायतबाग ही मोगलकालीन बाग. आज तेथे कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. तिच्या परिसरातील जलवाचक नाव ‘शक्कर बावडी’, म्हणजे विहिरीचे. आमखास मैदान या खेळांच्या व सभांच्या जागेचे नाव बादशाही दरबाराच्या ‘आम’ व ‘खास’ या विभागांचे स्मरण देते. नागसेनवनातील ‘वन’ पाली-संस्कृत परंपरेतील. ‘मिलिंदपञ्ह’मधील भिक्षू नागसेन याच्या नावाने ही विद्याभूमी ओळखली जाते. नवरात्रातील कर्णपुऱ्याची यात्रा देवीची, तर ‘कर्णपुरा’ हे नाव बिकानेरचा राजा करणसिंह याचे. सर्वांत लक्षणीय उदाहरण गणेशविसर्जनाचे: औरंगपुऱ्यात जिल्हा परिषद मैदानावरील विहिरीत मूर्ती विसर्जित होत आल्या आणि ‘विसर्जन विहीर’ असा जोडशब्दच येथे रुळला.

या पुराव्यास मर्यादा आहे, ती विसरता कामा नये. टिकलेली नावे बहुधा सत्ताधीशांनी व सधनांनी ठेवलेली असतात. काठावर कपडे धुणाऱ्यांनी, गुरे पाण्यावर नेणाऱ्यांनी आपल्या जागांना दिलेली नावे नकाशात क्वचितच चढतात. म्हणून वरील निष्कर्ष नगराच्या औपचारिक विहारापुरता आहे, एवढेच म्हणणे सुरक्षित.

मात्र तेवढ्यापुरता तो आजच्या चर्चेत उपयोगी आहे. २०२१ च्या सुमारास महापालिका, छावणी परिषद व काही संस्था यांनी खामच्या स्वच्छतेचे काम हाती घेतले; काठावर ‘खाम इको पार्क’ झाले. या उपक्रमास ‘पुनरुज्जीवन’ म्हणण्याचा प्रघात आहे. मैला व कचरा यांनी गुदमरलेल्या प्रवाहाबाबत तो उपसर्ग रास्त आहे. काठावरील विहाराबाबत तो तितकासा लागू पडत नाही. कारण गतवैभव पुन्हा आणावयाचे म्हटले, तर येथील वैभव नहरीचे होते, आणि नहरीचे नळ व त्यांचे मार्ग जपण्याचे काम नदीकाठ सजविण्याहून वेगळे व अधिक जिकिरीचे आहे. येथे विचारात घेतलेल्या विहारस्थानांच्या नावांत ‘खाम’ हा शब्द प्रथम येतो तो याच पार्कच्या नावात, आणि तोही दोन इंग्रजी शब्दांच्या सोबतीने.