दादरीचं आभाळ आणि हिरवा गंज

चंदीगडला पोस्टिंग आलं की आठवड्याभरात कान तयार होतात. कुठला आवाज एएन-३२ चा आणि कुठला आयएल-७६ चा, हे चहाचा कप खाली न ठेवता सांगता येतं. लेहला गेलेला फौजी इथल्या ट्रान्झिट कॅम्पमध्ये एखादी रात्र काढतोच. पहाटे थंडीत ट्रंकेवर बसून 'आज वेदर उघडेल का' याची वाट पाहणं आपल्यापैकी अनेकांनी केलं असेल. आयएल-७६ ला वायुसेनेत गजराज म्हणतात. नाव शोभून दिसतं.

मला मात्र गजराज दिसला की त्याच जातीचं दुसरं एक विमान आठवतं. ते कझाकस्तानचं होतं आणि इथून दक्षिणेला, चरखी दादरीजवळच्या शेतात पडलं.

१२ नोव्हेंबर १९९६. मी अकरावीत होतो, एनडीएच्या परीक्षेची पुस्तकं नुकती घरात आली होती. दिवाळीचे दिवस. दुसऱ्या दिवशी वडील पेपर वाचता वाचता थांबले आणि म्हणाले, "एवढ्या मोठ्या आभाळात दोन विमानं एकमेकांना सापडतातच कशी?" तेव्हा मला उत्तर आलं नाही. नंतर ईएमईमध्ये गेलो, हेलिकॉप्टरच्या एव्हिऑनिक्सवर काम केलं, तेव्हा कळलं की आभाळ मोठं नसतंच. विमानं ठरलेल्या वाटांनी आणि ठरलेल्या उंचीवरून जातात. आणि उपकरणं जितकी अचूक, तितकी दोन विमानं एकाच रेषेवर येण्याची शक्यता जास्त.

त्या संध्याकाळी सौदी एअरलाइन्सचं बोईंग ७४७ दिल्लीहून निघालं. आत ३१२ माणसं, बरीचशी आखातात कामाला निघालेली आपलीच. समोरून कझाक आयएल-७६ दिल्लीकडे उतरत होतं, त्यात ३७. बोईंगला १४ हजार फुटांवर राहायला सांगितलं होतं, कझाक विमानाला १५ हजारांवर. कंट्रोलरने समोर बोईंग येत असल्याचंही कळवलं होतं. म्हणजे दोघांमध्ये हजार फुटांचं अंतर होतं, पण कागदावर. कझाक विमान १५ हजारांवर थांबलंच नाही, खाली येत राहिलं. त्यात दिल्लीशी इंग्रजीत बोलण्याचं काम रेडिओ ऑपरेटरचं. त्याच्यासमोर स्वतःचा अल्टीमीटर नव्हता, पायलटच्या खांद्यावरून वाकून काटा पाहावा लागे. शेवटच्या क्षणी त्याच्या लक्षात आलं, त्याने वर घ्यायला सांगितलं, विमान वर घेतलं गेलं, आणि त्याची शेपटी बोईंगच्या डाव्या पंखाला लागली. वर घेतलं नसतं तर कदाचित खालून निसटलं असतं, असं तपासाचं म्हणणं. वेळ साधारण सहा चाळीस. दोन्ही विमानांतले मिळून ३४९ गेले, एकही वाचला नाही. हवेत दोन विमानांची टक्कर होऊन इतकी माणसं ना त्याआधी कधी गेली होती, ना त्यानंतर.

न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या आयोगाने दोष कझाक वैमानिकांच्या पदरात टाकला, आणि तो त्यांचाच होता. पण आयोगासमोर आणखीही गोष्टी आल्या. दिल्लीच्या कंट्रोलरसमोर असलेलं रडार दिशा आणि अंतर दाखवायचं, उंची नाही. उंची दाखवणारं दुय्यम रडार अजून वापरात आलेलं नव्हतं. येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांना एकच वाट होती, कारण आजूबाजूचं बरंचसं आभाळ वायुसेनेच्या ताब्यात होतं. वर्दीतला माणूस म्हणून हे वाक्य मी दोनदा वाचलं. आणि दोन्ही विमानांत टीकॅस नव्हतं.

टीकॅस म्हणजे ट्रॅफिक कोलिजन अव्हॉइडन्स सिस्टिम. ते तेव्हा काही नवं नव्हतं. १९५६ मध्ये अमेरिकेत ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानं धडकून १२८ माणसं गेली, तिथून शोध सुरू झाला. बेंडिक्स कंपनीतल्या मॉरेल यांनी एक साधी पण मोठी गोष्ट मांडली: किती मैल अंतर उरलंय ते मोजू नका, किती सेकंद उरलेत ते मोजा. १९८६ मध्ये लॉस एंजेलिसजवळ सेरिटोस इथे पुन्हा टक्कर झाली, मग अमेरिकेने कायदा केला आणि १९९३ अखेरपर्यंत तिथल्या मोठ्या प्रवासी विमानांत हे यंत्र आलं. म्हणजे दादरीच्या वेळी ते तीन वर्षं रोजच्या वापरात होतं. दादरीनंतर आपण ते सक्तीचं केलं. जागतिक नियम २००३ मध्ये लागू झाला. आपल्या एएन-३२ च्या नूतनीकरणाचा करार २००९ मध्ये युक्रेनशी झाला, त्यातही टीकॅस होतं.

आता माझ्या धंद्याचं. टीकॅस १०३० मेगाहर्ट्झवर हाक मारतं, समोरच्या विमानाचा ट्रान्सपॉन्डर १०९० वर ओ देतो. ओ यायला लागलेल्या वेळावरून अंतर कळतं, अँटेनावरून दिशा. पण उंची? ती समोरचा स्वतः सांगतो. अंदाजे चाळीस सेकंद आधी 'ट्रॅफिक' अशी सूचना, पंचवीसेक सेकंद राहिले की 'वर चढा' किंवा 'खाली उतरा' असा हुकूम. दोन्हीकडे टीकॅस असेल तर दोन्ही डबे आपसात ठरवून एकाला वर आणि एकाला खाली पाठवतात. पण समोरचा उंचीच सांगत नसेल, तर फक्त सूचना येते, हुकूम येत नाही. आणि समोरचा मुकाच असेल तर काहीच नाही. २००६ मध्ये ब्राझीलच्या जंगलावर हेच झालं. छोट्या जेटचा ट्रान्सपॉन्डर गप्प होता, म्हणून दोघांचीही टीकॅस बिनकामाची ठरली. गोल कंपनीच्या बोईंगमधले १५४ जण गेले.

एका जुन्या पोस्टिंगवरची गोष्ट. आमच्या हेलिकॉप्टरमध्ये टीकॅस नव्हतं, ट्रान्सपॉन्डर मात्र होता. पायलटने स्नॅग लिहिला: कंट्रोलर म्हणतो, उंची मधूनमधून दिसत नाही. जमिनीवर लावून पाहिलं, सगळं ठीक. डबा बदलला. दोन दिवसांनी तोच स्नॅग. पुन्हा डबा बदलला, स्टोअरवाल्यांनी कुरकुर करून दिला. पुन्हा जमिनीवर ठीक. 'तपासले, दोष आढळला नाही' असं लिहून मी सही केली आणि मशीन उडायला सोडलं. एकदा नाही, तीनदा.

आमचे सुभेदार साहेब साताऱ्याकडचे. सुट्टीवरून आले, लॉगबुक वाचलं आणि म्हणाले, "सर, तीन डबे एकदम खोटं बोलत नसत्यात. रोटर फिरवा आन् मग बघा." रोटर फिरवला, मशीन थरथरू लागलं आणि टेस्ट सेटवरची उंची गेली, आली, पुन्हा गेली. अल्टीमीटरकडून ट्रान्सपॉन्डरला उंची नेणाऱ्या केबलच्या कनेक्टरमध्ये पावसाळ्यानंतर हिरवा गंज धरला होता. नखाएवढा.

त्याच दिवशी साहेबांनी एका नव्या पोराला हात धरून थांबवलं. पोरगा हँगरमध्ये उंचीची चाचणी लावत होता, अँटेना न झाकता. चाचणीत ट्रान्सपॉन्डरला दहा हजार फुटांवर असल्याचं भासवतात. वरून जाणाऱ्या विमानाचं टीकॅस ते खरं मानून पायलटला हुकूम देऊ शकतं.

रात्री मी हिशेब करत बसलो. माझ्या तीन सह्यांच्या काळात ते हेलिकॉप्टर प्रवासी विमानांच्या वाटेखालून पाच वेळा गेलं होतं. वरच्या टीकॅसमध्ये बिघाड नव्हता. बिघाड माझ्याकडे होता, आणि त्यांना तो कळण्याचा काही मार्ग नव्हता.

मागच्या हिवाळ्यात रोहतकला काम निघालं, तिथून दादरीला जाऊन आलो. मोहरी फुललेली. चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्याला विचारलं, तर त्याने दोन हात दोन दिशांना दाखवले. एकीकडे ढाणीजवळ बोईंग पडलं, दुसरीकडे बिरोहरला आयएल-७६. मधली काही किलोमीटर शेतं. मी वडिलांना फोन लावला. त्यांना अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा तो प्रश्न आठवत नव्हता. "तिथं काय करतोयस?" म्हणाले. म्हटलं, "काही नाही, चहा घेतोय."

आता माझ्यासमोर 'दोष आढळला नाही' असा कागद आला की मी आधी विचारतो, रोटर फिरत असताना पाहिलं का? पोरं वैतागतात. सुभेदार साहेब निवृत्त होऊन गावी ऊस लावतात.