‘कऱ्हाड’ दिसतंय, पण सर्चमध्ये सापडत नाही! असं का होतं?

सातारा जिल्ह्यातलं ‘कराड’ अनेक जण ‘कऱ्हाड’ असं लिहितात. आता समजा, तुमच्या यादीत ‘कऱ्हाड’ लिहिलेली दहा नावं आहेत. सर्च केल्यावर मात्र सहाच सापडतात. उरलेली चार डोळ्यांना दिसतात, कॉम्प्युटरला नाही. हे कशामुळे होतं?

आधी युनिकोड समजून घेऊ

नोटपॅड किंवा व्हॉट्सअॅपच्या साध्या मजकुरात अक्षरांची चित्रं साठवली जात नाहीत, क्रमांक साठवले जातात. जगभरातल्या लिप्यांमधल्या अक्षरांना असे क्रमांक देणारी पद्धत म्हणजे युनिकोड. तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. त्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा गट आहे. त्याआधीच्या बऱ्याच मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवलेले असायचे. म्हणून फॉन्ट बदलला की मजकुराचा कचरा व्हायचा.

मग अडचण कुठे आहे?

अडचण ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’मधल्या अर्ध्या र मध्ये आहे. साताऱ्यात, कऱ्हाडला, मिरजेच्या तंबोऱ्याला तो लागतोच. हा र वेगळा लिहिला नाही तर अर्थ बदलतो. ‘दऱ्या’ सह्याद्रीत असतात, ‘दर्या’ कोकणात!

हा अर्धा र टाइप करण्याच्या दोन पद्धती आहेत.

१. ‘ऱ’ (खाली टिंब असलेला) आणि हलन्त. यात ‘कऱ्हाड’ सहा क्रमांकांत साठवलं जातं.

२. साधा ‘र’, हलन्त आणि ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचं अदृश्य चिन्ह. यात ‘कर्‍हाड’ सात क्रमांकांत साठवलं जातं.

स्क्रीनवर दोन्ही सारखीच दिसतात. पण साधा सर्च क्रमांक जुळवून पाहतो, त्यामुळे त्याच्यासाठी हे दोन वेगळे शब्द असतात. एक्सेलमध्ये फिल्टर लावला तर एकाच गावाच्या दोन नोंदी दिसू शकतात. गोऱ्हे, कुऱ्हाडे अशा आडनावांचंही तेच. लाभार्थ्यांची किंवा मतदारांची यादी तपासताना ‘नाव नाही’ असं उत्तर मिळालं, तर नाव खरंच नसेल किंवा फक्त वेगळ्या पद्धतीने टाइप झालेलं असेल.

कोणती पद्धत वापरायची?

पहिली. युनिकोडच्या नियमांत दुसरी पद्धत जुन्या २.० आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवलेली आहे. शिवाय एखाद्या अॅपने अदृश्य चिन्ह काढून टाकलं, तर ‘साताऱ्यात’चं थेट ‘सातार्यात’ होतं.

इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून ‘जे’ दाबा, ‘ऱ’ येईल. मग ‘डी’ दाबून हलन्त द्या आणि पुढचं अक्षर टाइप करा.

आपण काय लिहिलंय, हे कसं ओळखायचं?

‘ऱ्या’नंतर कर्सर ठेवून एकेक बॅकस्पेस द्या. बहुतेक ठिकाणी शेवटी फक्त र उरतो. त्याच्याखाली टिंब असेल तर पहिली पद्धत, नसेल तर दुसरी.

यादी दुरुस्त करताना

जुनं ‘र्‍’ कॉपी करून त्याजागी ‘ऱ्’ टाकता येतं. पण ‘रिप्लेस ऑल’ दाबू नका, एकेक तपासून बदला. शोधताना अदृश्य चिन्ह सुटलं तर ‘सूर्य’चंही ‘सूऱ्य’ होऊन बसेल.

फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८’ निवडा. विंडोजच्या नोटपॅडमध्ये २०१९ पासून तेच आपोआप निवडलेलं असतं. जुन्या नोटपॅडमध्ये ‘अॅन्सी’ राहून गेलं तर मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उरतात, आणि ती परत अक्षरांत बदलता येत नाहीत.

आणि तोवर? यादीत नाव सापडलं नाही तर दोन्ही पद्धतींनी शोधा. तरीही नसेल, तर ‘गोऱ्हे’साठी नुसतं ‘गो’ टाकून पाहा.