पॅरामेडिकल पदवीचा हिशेब : प्रस्तावना

कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. देशातली ही अशी पहिलीच शाळा. आज बारावीच्या विद्यार्थ्यापुढे फिजिओथेरपी, लॅब टेक्नॉलॉजी, रेडिओग्राफी, डायलिसिस, ऑप्टोमेट्री असे कितीतरी रस्ते असतात आणि घरात एकच प्रश्न विचारला जातो : एवढे पैसे घालून पुढे मिळणार काय? हा प्रश्न भाबडा नाही. त्याचे प्रामाणिक उत्तर शोधू पाहणाऱ्या प्रत्येकाचे या अभ्यासक्षेत्रात मनापासून स्वागत आहे.

सुरुवात खर्चापासून करू. फी सहज सापडते. महाराष्ट्रात खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांची फी २०१५च्या कायद्याखालचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. खोलीभाडे, मेस, कर्जाचे व्याज हेही मांडता येते. नजरेतून निसटते ती न झालेली कमाई. गॅरी बेकर यांनी १९६४च्या ‘ह्यूमन कॅपिटल’ या ग्रंथात तिला शिक्षणाच्या खर्चातच धरले.

एक उदाहरण करून पाहू. आकडे कल्पित आहेत. एक पदवी तीन वर्षांची, वर्षाला ६० हजार रुपये फी. दुसरी चार वर्षांची, वर्षाला दीड लाख, वर सहा महिने बिनपगारी इंटर्नशिप. फीतला फरक ४ लाख २० हजारांचा. पहिला विद्यार्थी दीड वर्ष आधी कामाला लागतो. महिना १५ हजार धरले तर आणखी २ लाख ७० हजार. एकूण अंतर ६ लाख ९० हजार. दुसऱ्याचा पगार दरमहा पाच हजारांनी जास्त असला, तरी हे अंतर भरून यायला साडेअकरा वर्षे लागतात, तीही व्याज न धरता. पण दुसरा विद्यार्थी फिजिओथेरपिस्ट असेल, तर पुढे स्वतःचे क्लिनिक थाटू शकतो आणि गणित पालटते. म्हणून पहिल्या पगारावर थांबणारी तुलना मला अपुरी वाटते. दहाव्या वर्षी तो माणूस कुठे आहे, हे विचारायलाच हवे.

परिणाम मोजताना सगळ्यात जास्त जपावे ते छेदाला. समजा, शंभर जणांनी प्रवेश घेतला, सत्तर जण पास झाले, चाळीस जणांना त्याच क्षेत्रात काम मिळाले. माहितीपत्रकात छापलेला सरासरी पगार त्या चाळीस जणांचा असतो. उरलेल्या साठ जणांनीही फी भरलेली असते. त्यांना मोजणारा अभ्यास कष्टाचा आहे, आणि आपल्याकडे त्याचीच सर्वाधिक गरज आहे.

हे काम हाती घ्यायला आताचा काळ अनुकूल आहे. २०२१च्या राष्ट्रीय कायद्याने या व्यवसायांसाठी आयोग, राज्य परिषदा आणि नोंदवह्यांची तरतूद केली. ‘हेल्थकेअर प्रोफेशनल’च्या डिग्रीसाठी किमान ३६०० तास आणि ‘अलाइड हेल्थ प्रोफेशनल’च्या डिप्लोमा किंवा डिग्रीसाठी किमान २००० तास, अशी शिक्षणाची मापेही घालून दिली. तास निश्चित झाले की दोन महाविद्यालयांची तुलना एका पातळीवर येते. नोंदवही नीट ठेवली गेली की पदवीधर पुढे कुठे गेला, याचा माग काढता येतो.

आणखी एक परिणाम आहे, जो पदवीधराच्या पगारपत्रकात उमटत नाही. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत यंत्रे येऊ लागली. यंत्र चालवणारा तंत्रज्ञ नसेल, तर किडनीच्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीनदा एसटीने मोठे शहर गाठावे लागते. त्याचे भाडे, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, हे सगळे त्या तंत्रज्ञाच्या पदवीच्या ताळेबंदात जमेच्या बाजूला यायला हवे. समाजाला मिळणारा परतावा मोठा आणि पदवीधराला मिळणारा तुटपुंजा असेल, तर सरकारने कुठे पैसे घालावेत? जागा वाढवून फी उचलावी, की जिल्ह्यांत पक्की पदे काढून पगार वाढवावा? माझा कल पदांकडे आहे, कारण जिल्ह्यात पद नसेल तर स्वस्तात शिकलेला मुलगाही पुण्या-मुंबईचीच वाट धरतो. याउलट मानणारे जाणकारही आहेत. या वादाचा निकाल लागेल असे जिल्हावार आकडे कुणी गोळा करून मांडले आणि माझे मत त्यात खोटे ठरले, तरी मला ते हवेच आहेत.