चौकटींचा मुलूख

टोपोशीट वाचायला मी सह्याद्रीच्या घाटवाटा शोधताना शिकलो. समोच्च रेषा दाटल्या की कडा, हे डोळ्यांत बसलेलं. त्यामुळे कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांताचे, त्याच १:५०,००० प्रमाणाचे नकाशे पाहिले तेव्हा चक्रावलो. रेषा विरळ, आणि रस्ते पट्टीने आखलेले.

या गवताळ मैदानाची मोजणी १८७१ पासून चौकटींत झाली. सहा मैल बाजूच्या चौरसाची एक टाउनशिप, तिचे ३६ तुकडे, प्रत्येक ६४० एकरांचा. १८७२च्या कायद्याने १० डॉलर फी भरून, राहून आणि कसून त्यातले १६० एकर मिळत. पण पृथ्वी गोल. उत्तरेकडे रेखावृत्तं जवळ येतात, म्हणून दर २४ मैलांनी दुरुस्ती करावी लागली. तिथे सरळ निघालेला रस्ता अचानक बाजूला सरकून पुन्हा उत्तरेला लागतो. चौकटीची ही अडचण मला फार आवडते.

डोंगर नाहीत, मग खुणा कशाच्या? चर्च, शाळा, दफनभूमी, आणि रुळांलगतची धान्याची उंच लाकडी कोठारं. बैलगाडीने किंवा घोडागाडीने गहू आणून शेतकऱ्याला दिवसात परतता यावं, इतक्या अंतरावर स्टेशनं. एका रेल्वे कंपनीने तर नावंही इंग्रजी वर्णक्रमाने ठेवली : इटुना, जॅस्मिन, केलिहर, लेस्टॉक. पुढे लॉरी आली, अनेक फाटे बंद पडले, कोठारं पाडली गेली. अशा ठिकाणी जुनी आवृत्ती हाच गावाचा दाखला.

मात्र चौकटीआधीही इथे वाटण्या होत्या. रेड नदीकाठी फ्रेंच आणि मूलनिवासी अशा मिश्र वंशाच्या मेटी लोकांच्या जमिनी म्हणजे नदीपासून मागे जाणाऱ्या अरुंद लांब पट्ट्या. प्रत्येकाला पाणी, प्रत्येकाला गवत. विहिरीची पाळी ठाऊक असलेल्या आपल्या शेतकऱ्याला यातलं शहाणपण सांगावं लागणार नाही. ११ ऑक्टोबर १८६९ रोजी मोजणीदार तिथे पोचले, तेव्हा लुई रिएल आणि सोबत्यांनी साखळीवर पाय देऊन काम थांबवलं. त्या संघर्षातून १८७० मध्ये मॅनिटोबा प्रांत झाला. पश्चिमेकडे बटोशला जमिनीची तीच तक्रार १८८५च्या लढाईपर्यंत गेली, आणि त्याच वर्षी रिएलला फाशी झाली.

विनिपेगचा नकाशा उघडला, की जुन्या भागातले कितीतरी रस्ते आजही उत्तर-दक्षिण न जाता नदीला काटकोन करून निघतात. चौकटी सुरू होतात त्या शहराबाहेर पडल्यावर.